दिवाळसणाचा फ्यूज

आमच्या दादाने भिलाईच्या पोलाद कारखान्यात उभी नोकरी रूळ बनवण्यात घालवली. रूळ म्हणजे दुसऱ्यांनी प्रवास करायची वस्तू. निवृत्त झाल्यावर त्याच्या मनाने घेतलं, की आता आपण फिरायचं, आणि तेही रुळावरून नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्या बातमीचं कात्रण त्याने रायपुरात बसून जपून ठेवलं होतं. पुढे नागपूरच्या एका पार्टीकडून त्याने एक गाडी उचलली: मूळची सतरा सीटांची, सीटा काढून आत दोन बाकडी, शेगडी, हात धुवायचं भांडं आणि छताला बारा एलईडी दिवे लावलेली. भिलाईत रुळाची २६० मीटर लांबीची पट्टी तयार होते आणि तेवढ्या लांबीत बारीकसा वाकही खपत नाही. दादाने त्याच सवयीने एक डोळा मिटून गाडी मागून पुढे न्याहाळली, सरळ आहे म्हणाला आणि पैसे मोजले. आत वायरी कशा टाकल्यात, हे त्या नजरेला दिसण्यासारखं नव्हतं.

गाडीला दादा ‘कारवाँ’ म्हणतो, वहिनी ‘ती पेटी’ म्हणतात. तात्यापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत ती शिरतच नाही, त्यामुळे ती बूढ़ा तलावाच्या बाजूला एका ओळखीच्याच्या आवारात उभी असते आणि दादा रोज संध्याकाळी तिला भेटून येतो.

त्या वर्षी पुतणीचा पहिला दिवाळसण होता. जावई सांगलीकडचे. घराणं तालमीतलं, अंग त्याच मापाचं, स्वभाव मात्र इतका मऊ, की दारातून येताना स्वतः दबून येतात. सांगलीजवळ त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. जळालेल्या मोटरी उघडायच्या, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, वॉर्निश पाजून भट्टीत सुकवायच्या, हा रोजचा धंदा. म्हणजे पुढच्या सगळ्या प्रकरणात विजेतलं ज्याला खरोखर कळतं असा आमच्यात एकच माणूस होता. आणि दिवाळसणाला आलेला जावई असल्यामुळे कशालाही हात लावायची बंदी असलेलाही तोच.

पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने दोघं आले. लक्ष्मीपूजन झालं. पाडव्याला सकाळी कारवाँ सिरपूरला निघाली. रायपूरहून ऐंशी-एक किलोमीटर. हायवेने आरंग ओलांडायचं, महानदीचा पूल, मग कुहरीच्या वळणाला डावीकडे. आरंगच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा जावई म्हणाले, “मी खाली बसतो.” गाडीत सतरंजी होती. पण वहिनी कशाला ऐकतात! “जावईबापू, तुम्ही खाली आणि आम्ही वर? शोभतं का? या, बाकड्यावर या, तिथे जाड गादी आहे.” ते बसले. बसले आणि लगेच अर्धे उठले. “मामा, इथे खाली काही तरी...” एवढं म्हणाले असतील, तोवर वहिनींनी चकलीची ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली. ताटली मांडीवर असली की माणसाला उठता येत नाही आणि चकली तोंडात असली की बोलता येत नाही. मराठी पाहुणचार हा असा दुहेरी कुलूपबंद असतो.

सिरपूरचं लक्ष्मण मंदिर विटांचं आहे. राणी वासटाने पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ सातव्या शतकात ते बांधवून घेतलं. दादा प्रत्येक विटेशी थांबून म्हणत होता, “बघ, कसं काम करून गेले.” संध्याकाळी महानदीच्या बाजूला गाडी लावली, अंधार पडला, आणि मोठ्या थाटात त्याने दिव्यांचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तेराशे वर्षांपूर्वीच्या विटा जागेवर होत्या आणि आमची बत्ती गुल झाली होती.

फ्यूज उडाला होता. गाडीचा फ्यूज म्हणजे नखाएवढी प्लॅस्टिकची टिकली, तिला दोन पाय, आत बारीक पट्टी. त्यांचे रंग ठरलेले: दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. दादाकडे डबीभर होते. लाल बसवला, दिवे लागले, आम्ही टाळ्या वाजवल्या. मोबाईलचा उजेड धरून उभे असलेल्या जावयांना वहिनी म्हणाल्या, “बसा हो तुम्ही, किती वेळ उभे.” ते बसले. अंधार. दुसरा लाल. उजेड, टाळ्या, “बसा बसा,” अंधार. निळा गेला, पिवळा गेला. दादाचं म्हणणं, मागचे सगळे फ्यूज अशक्त होते. हिरवाही गेला, तेव्हा दुकानदार लबाड निघाला.

“मामा, मी बघू का?” जावई म्हणाले.

“छे छे! दिवाळसणाला आलेल्या माणसाच्या हातात पाना देऊ? लोक काय म्हणतील?”

लोक म्हणजे त्या अंधारात आम्ही पाच जण आणि लांब भुंकणारं एक कुत्रं.

मग दादाने एका जुन्या वायरीतून तांब्याचा एक तंतू उपसला आणि फ्यूजच्या जागी तो पिळायला निघाला. हा उपाय आपल्याकडे घरोघरी वडिलोपार्जित चालत आलेला आहे. तेव्हा मात्र जावयांनी पुढे होऊन, अगदी अदबीने, तो तंतू दादाच्या चिमटीतून काढून घेतला. “मामा, हे नको. फ्यूज उडतोय हे बरंय. त्याच्या जागी तार घातलीत तर तार टिकेल आणि मग वायर पेटेल. इथे सगळं प्लायवूड आहे.” आम्ही सगळे भारावलो. किती समजूतदार मुलगा! वहिनींनी तर कौतुकाने कानशिलावर बोटं मोडली. पण इतकं ज्याला कळतं त्याला पुढचं विचारावं, असं कुणालाही सुचलं नाही. पाडव्याचं औक्षण निरांजनाच्या उजेडात झालं. दुसरा उजेडच नव्हता.

इथे थोडी विजेची गोष्ट सांगायला हवी. मलाही ती नंतरच कळली. घरात वीज जायला एक तार आणि परतायला दुसरी. गाडीत परतीची तार नसते. गाडीचं लोखंडी अंग हीच परतीची वाट. मिस्त्री लोक तिला बॉडी अर्थ म्हणतात. त्यामुळे बॅटरीतून निघालेल्या तारेचं कातडं कुठेही सोललं आणि ती लोखंडाला टेकली, की वीज दिव्यापर्यंत जायचे कष्टच घेत नाही. मस्टरवर सही करून दारातूनच घरी परतणाऱ्या बाबूसारखी ती तिथूनच माघारी फिरते. आणि दिव्यांचं काम करायचं नसल्यामुळे फिरते ती भन्नाट वेगाने. बारा दिवे मिळून पाच अँपिअरच्या आसपास खाणार. शॉर्ट झाला की तीच बॅटरी शेकडो अँपिअर ओकू शकते. मधला फ्यूज जीव देतो म्हणून गाडी वाचते. आमच्या बाबतीत आणखी एक पेच होता. ही सोललेली जागा बटणाच्या अलीकडे होती, म्हणजे दिवे बंद असोत की चालू, फ्यूज उडायचा तेव्हा उडायचाच. सकाळी आरंगजवळ उडालेला फ्यूज आम्हाला संध्याकाळी सहाला सिरपुरात कळला. गुन्हा एका तालुक्यात आणि तक्रार दुसऱ्यात.

भाऊबिजेला परत आलो. दुसऱ्या दिवशी दादा आणि मी गाडी घेऊन टाटीबंधला गेलो. ट्रकांचं सगळं विश्व तिथे आहे. एका ऑटो इलेक्ट्रिशियनने तीन तास गाडी तपासली. फ्यूज उडेना. त्याने बटण बदललं, दोन दिवे उगीच बदलले, बॅटरीची टोकं सॅंडपेपरने घासली, गाडी मागेपुढे करून पाहिली. घरी धिंगाणा घालणारं कार्टं शाळेत हाताची घडी घालून बसतं, तशी गाडी बसली होती. जावई त्या दिवशी पुतणीला घेऊन नवा रायपुरात पुरखौती मुक्तांगण बघायला गेले होते. या दोन गोष्टींचा संबंध जोडायला जी बुद्धी लागते ती आमच्या घराण्यात पुढच्या पिढीत येईल. बिल दिलं, गाडी आणली, संध्याकाळी सगळ्यांना चढवून दादाने दिवे लावले. “मी खाली...” जावई म्हणाले. “अहो वर बसा!” आम्ही चौघं एका सुरात. फट्.

शेवटी झांकीवाल्या मिस्त्रीला बोलवायचं ठरलं.

झांकी म्हणजे काय, ते रायपूरबाहेरच्यांना सांगतो. इथे अनंत चतुर्दशीला सगळे गणपती बुडत नाहीत. मोठ्या मंडळांचे मागाहून झांक्यांच्या रात्री निघतात. ट्रॉल्यांवर, ट्रेलरवर पौराणिक देखावे. हनुमान द्रोणागिरी उचलतो, नरसिंह खांबातून येतो, सगळं मोटरीवर हलतं, हजारो दिवे लुकलुकतात आणि मागे जनरेटर धडधडत असतो. शारदा चौकातून जयस्तंभ, मालवीय रोड, सदर बाजार, कंकालीपारा, लाखेनगर करत रात्रभर खारून नदीच्या महादेव घाटाकडे ही मिरवणूक सरकते. राजनांदगावच्या झांक्याही येतात. खेड्यांतून आलेली माणसं पोराबाळांसह फुटपाथवर जागा धरून पहाट करतात. (ज्यांच्या नावाचं लाखेनगर, ते वामनराव लाखे मराठीच. माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि लाखे या त्रिकुटाने १९०० साली ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. इथल्या मराठी माणसाने दुसऱ्यांच्या भाषेत उजेड पाडलेला आहे; स्वतःच्या गाडीत पाडायला त्याला मिस्त्री लागतो.) तर, चालत्या गाडीवर, खड्ड्यांतून हेलकावे खात, एकही दिवा न विझवता रात्र काढायची विद्या रायपुरात कुणाकडे असेल तर ती या झांकीच्या लाईटवाल्यांकडे.

आमचा मिस्त्री गुढियारीचा. वय साठीचं, खिशात गुडाखूची, म्हणजे दातांना घासायच्या तंबाखूची, डबी. गाडीत शिरला, वायरीकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी दात घासल्यासारखी गुडाखू घासली, थुंकून आला आणि म्हणाला, “जिहां हालथे, उहां घिसाथे.” जिथे हलतं, तिथे घासतं. मग त्याने पिशवीतून काढला एक बल्ब. गाडीच्या इंडिकेटरचा असतो तसला, एकवीस वॅटचा, बुडाशी दोन तारा डाख देऊन जोडलेल्या. उडालेला फ्यूज उपटला आणि त्या जागी दोन तारा खोचून बल्ब खिडकीच्या कडीला लटकवला. सगळी बटणं बंद.

ही युक्ती मला फार आवडली. फ्यूज हा साक्ष देण्याआधीच मरणारा साक्षीदार. शॉर्ट झाला त्या क्षणी तो गेला, पुढे विचारणार कुणाला? बल्ब मरत नाही. शॉर्ट झाला की सगळी वीज त्याच्यातून जाते, तो झगझगीत पेटतो, पण पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ देत नाही. शॉर्ट सुटला की विझतो. म्हणजे आता कितीही वेळा, कितीही वेळ चूक करा, बल्ब निमूटपणे बोट दाखवत राहणार.

“अब जो रोज करथव, तउने करव,” मिस्त्री म्हणाला. रोज करता तेच करा. दादाने छतावर बुक्के मारले. मी दारं आपटली. पुतणीने कपाट उघडलं, मिटलं. वहिनी शेगडीपाशी जाऊन उगीच पातेलं हलवून आल्या. बल्ब काळा. मग जावई चहाचे पेले घेऊन चढले आणि सतरंजीकडे वळले. वहिनींनी सवयीने त्यांना कोपराला धरून बाकड्यावर बसवलं.

बल्ब पेटला.

ते चमच्यासाठी उठले. विझला. बसले. पेटला. गाडीत असा सन्नाटा, की चहावरची साय धरलेली ऐकू यावी. पाचही माणसं बल्बकडे पाहत होती आणि पाचही जण आपण बल्बकडे पाहत नाही असं दाखवत होती. जावयांची पाठ खिडकीकडे होती. तरी समोरच्या स्टीलच्या डब्यावर त्यांना सगळं दिसत असणार. दादाला काही तरी बोलणं भाग होतं. तो म्हणाला, “हा बल्ब ना... हा व्होल्टेज दाखवतो.”

मोटरी रिवाइंड करणारा माणूस म्हणाला, “अच्छा.”

मिस्त्रीला मात्र पटेना. कारण नंतर ते दोनदा बसले तरी बल्ब पेटला नाही. मग वहिनींनी अनारशांवरून काही विनोद केला, जावई मनापासून हसले, आणि हसता हसता बल्ब लख्ख. “कभू बरथे, कभू नइ बरय,” मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला. कधी पेटतो, कधी नाही. झांकीतला हनुमान असा वागत नाही.

दुपारी जेवून जावई घरी झोपले आणि आम्ही गाडीत सभा घेतली. दोष सापडला होता. प्रश्न होता तो सांगायचा कसा. मराठी ही इतकी समृद्ध भाषा, पण ‘तुमच्या वजनाने’ ही तृतीया विभक्ती टाळून ते वाक्य कुणाला करता येईना. दादा म्हणाला, “काहून सांगायचं? ते गेले सांगलीला, की शॉर्टही गेला.” वहिनी म्हणाल्या, म्हणजे आता जावई आले की अंधारात बसायचं का जन्मभर? पुतणी तोंडावर पदर धरून हसत होती. का, ते तेव्हा कळलं नाही.

तोडगा मिस्त्रीने काढला. त्याला माणसाशी देणंघेणं नव्हतं, त्याला वजन हवं होतं. दादाने वर्षाचा तांदूळ भरला होता, एचएमटीचे पंचवीस-पंचवीस किलोचे कट्टे. (हा तांदूळही आपलाच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी शेतात निवडून वाढवला आणि मनगटी घड्याळाचं नाव त्याला चिकटलं. छत्तीसगड म्हणजे धान का कटोरा, पण आमच्या कटोऱ्यात भात चंद्रपूरचा.) एक कट्टा बाकड्यावर. बल्ब काळा. दुसरा. काळा. तिसरा. काळा. “अउ एक लान.” दादाने आणि मी चौथा कट्टा धापा टाकत वर ठेवला. प्लायवूड किंचित कुरकुरलं आणि बल्ब पेटला. शंभर किलो.

दादाच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते बल्बाचं नव्हतं. “म्हणजे जावयांचा काही संबंधच नाही! तांदळाने होतं!” आता खरं बोलायची सोय झाली. खटला तांदळावर चालवता येणार होता. जावई डोळे चोळत आले तेव्हा दादाने लांबूनच जाहीर केलं, “सापडलं बरं का! या तांदळाच्या कट्ट्यांनी वायर दबून राहिली होती!” सिरपूरला गाडीत तांदळाचा एक दाणा नव्हता. जावयांनी कट्ट्यांकडे पाहिलं, एकदा बल्बाकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, “हो, तांदूळ जड असतो.”

मिस्त्रीने गादी काढली, स्क्रू सोडले, फळी उचलली. खाली लोखंडी अँगलची चौकट, आणि अँगलच्या भोकातून बॅटरीची लाल वायर नुसतीच ओढून घेतलेली. भोकाला रबराची कडी नाही, वायरीवर पाईप नाही. पत्र्याची धार सुरीसारखी. फळीवर वजन आलं की खालची पट्टी वायरीला त्या धारेवर दाबायची. लाल कातडं सोलून आत तांबं चमकत होतं, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं. एवढ्या जागेसाठी आम्ही लाल, निळा, पिवळा, हिरवा सगळं इंद्रधनुष्य जाळलं होतं.

मिस्त्रीने तेवढा तुकडा कापला, दोन टोकं पिळली आणि टेपची गुंडाळी काढली. जावई दारात उभे होते. इतका वेळ त्यांनी एक शब्द काढला नव्हता. इथे मात्र त्यांच्या घशातून एक कळवळ्याचा आवाज आला. “डाख द्या ना त्याला. आणि टेपऐवजी स्लीव्ह. गाडी आहे, हलणार.” मिस्त्रीने मान वर केली. त्याने चेहऱ्याकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. कितीही घासली तरी नखांच्या कडेला वॉर्निशची तपकिरी रेघ उरतेच.

“लाइन के आदमी हव का, दमांद बाबू?”

“हो,” जावई म्हणाले. मग दादाकडे, वहिनींकडे, माझ्याकडे क्रमाने पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं. कुणी छे म्हणायच्या आत मिस्त्रीने सोल्डरिंगची डब्बी त्यांच्या हातात दिली. पुढची वीस मिनिटं आमचा जावई पोटावर आडवा होऊन, अर्धा बाकड्याखाली, अर्धा बाहेर, दिवाळसणाला घेतलेला नवा कुडता काळा करत होता. तीन दिवसांत तो एवढा खुशीत कधी दिसला नव्हता. वहिनींना बघवेना, त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

भोकाला रबराची कडी बसली, वायर पाईपमधून फळीपासून लांब नेली, फळीखाली एक जादा आडवी पट्टी आली. बल्ब मिस्त्रीने अजून काढला नव्हता. गादी घातली.

“जावईबापू,” वहिनी म्हणाल्या, या वेळी जरा चाचरत, “बसता का... वर?”

जावयांनी मिस्त्रीकडे पाहिलं. “बइठव,” मिस्त्री म्हणाला.

ते बसले. फळी कुरकुरली, गाडी एका अंगाला थोडी झुकली आणि बल्ब काळाच राहिला. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते ते पुतणीने हलवल्यावर उघडले. जावयांनी पाय पसरले, पाठ टेकली आणि दोन्ही हातांनी मांड्या चोळायला लागले.

“काय झालं? चमक भरली का?” दादाने विचारलं.

पुतणीला आता हसू आवरेना. “बाबा, हे पाडव्यापासून धड बसलेच नाहीयेत.”

“म्हणजे?”

“पहिल्यांदा बसलो तेव्हाच खाली चट् झालेलं कळलं होतं, मामा,” जावई म्हणाले. “म्हणून खाली बसतो म्हणत होतो. तुम्ही ऐकेनात. मग वरच, पण टेकायचं नाही असं ठरवलं. तालमीत बैठकांची सवय आहे.” ते ओशाळून हसले. “हसलो की मात्र तोल जायचा.”

वहिनी काही न बोलता घरी गेल्या आणि तिळाच्या तेलाची वाटी घेऊन आल्या.